तीराला लागलेला शब्द

फ्रेंच माणूस ज्या क्रियापदाने रोज घरी पोहोचतो, ज्याने पाहुणे आल्याची वर्दी देतो, ते ‘आरिव्हे’ हे क्रियापद मुळात नावाड्यांचे आहे. लॅटिनमध्ये ‘रिपा’ म्हणजे नदीचा काठ. काठाला नाव लागली म्हणजे प्रवास तडीस गेला, एवढाच त्याचा मूळ अर्थ. या निरुपद्रवी क्रियापदाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात एक अपत्य झाले, ‘आरिव्हिस्त’. तीराला लागणे हेच ज्याचे एकमेव ध्येय आहे आणि त्यापायी नावेतून कोणाकोणाला पाण्यात लोटावे लागले याचा जो हिशेब ठेवीत नाही, त्या माणसाचे हे नाव. आपल्याकडे ‘संधिसाधू’ आहे, ‘नवकोट नारायण’ आहे. परंतु पहिल्यात संधीची वाट पाहणे आहे आणि दुसऱ्यात मिळालेले धन आहे, चढण्याची ती निर्दय तपश्चर्या दोहोंतही नाही.

तसा वर चढलेल्यासाठी फ्रेंचांजवळ ‘पार्व्हेनु’ हा जुना शब्द होताच. मारिव्होने १७३४ मध्ये ज्याची कथा सांगावयास घेतली, तो शँपेन प्रांतातून पॅरिसला आलेला खेडूत झाकोब रूपाच्या, हजरजबाबीपणाच्या आणि स्त्रियांच्या कृपेच्या बळावर वर आला. पण ‘पार्व्हेनु’ हे भूतकाळवाचक धातुसाधित आहे: जो पोहोचून चुकला तो. उलट ‘इस्त’ हा प्रत्यय त्या शतकात पंथाच्या अनुयायांना लागत असे, कोणी राजनिष्ठ पक्षाचा, कोणी समाजसत्तावादाचा. तो प्रत्यय ‘पोहोचणे’ या क्रियेला लागला, तेव्हाच पोहोचणे हा एक पंथ झाल्याची कबुली भाषेने दिली.

हा पंथ निपजला तो एका बंद झालेल्या दाराशी. १७८९ च्या क्रांतीने जन्मसिद्ध हक्कांच्या सनदा फाडल्या आणि बोनापार्तने सामान्य घरांतल्या पोरांना सेनापतींचे हुद्दे दिले. १८१५ नंतर राजघराणे परत आले आणि आकांक्षा जागी झालेल्या त्याच पिढीपुढे जुना दरबार, जुने खानदान व जुना वशिला पुन्हा येऊन उभा राहिला. स्तांदालच्या कादंबरीतला नायक झ्युलियँ सोरेल हा लाकूड कापणाऱ्या गिरणीवाल्याचा मुलगा, आणि बोनापार्तची तसबीर तो गादीत लपवून ठेवतो, हा तपशील सगळा काळ सांगून जातो. ही १८३० ची कादंबरी ज्याच्यावरून सुचली तो आंत्वान बेर्ते नावाचा लोहाराचा मुलगा, पूर्वी ज्या घरी शिकवणीला होता तिथल्या गृहिणीवर चर्चमध्ये गोळी झाडल्याबद्दल, १८२८ मध्ये ग्रनोब्ल येथे गिलोटिनखाली गेला. तरीही झ्युलियँला मी या कुळाचा मूळपुरुष मानीत नाही. जो माणूस ज्यूरीसमोर स्वतःच्या वर्गाचे गाऱ्हाणे मांडून आपणहून मरण ओढवून घेतो, त्याच्यात तीराला लागण्याहून मोठे काहीतरी शिल्लक होते.

मूळपुरुष जन्मला १८३४ च्या शरदात, बाल्झाकच्या लेखणीखाली. ‘ल पेर गोरिओ’च्या हस्तलिखितात नायकाचे नाव प्रथम ‘मासियाक’ असे आहे. काही पाने गेल्यावर लेखकाने ते खोडले आणि तेथे ‘रास्तिन्याक’ असे लिहिले. हे नाव त्याने १८३१ च्या कादंबरीत एका मुरलेल्या पॅरिसवासीयाला देऊन ठेवलेले होते. म्हणजे या माणसाचे प्रौढपण आधी छापले गेले आणि तारुण्य मागाहून लिहिले गेले. तीच पात्रे अनेक कादंबऱ्यांतून पुन्हा पुन्हा भेटत राहावीत ही बाल्झाकची प्रसिद्ध योजना त्या खाडाखोडीपासून पक्की झाली. लेखकाच्या स्वतःच्या घराण्यातही अशी एक खाडाखोड होती, आणि तिची आठवण येथे मला अपरिहार्य वाटते. दक्षिणेकडच्या शेतकऱ्यांचे ‘बाल्सा’ हे आडनाव वडिलांनी ‘बाल्झाक’ केले आणि मुलाने त्यापुढे सरदारकी सुचविणारे ‘द’ जोडले.

आंगुलेमकडील एका दरिद्री सरदार घराण्यातला रास्तिन्याक कायदा शिकण्यासाठी पॅरिसला येतो. घराचे सारे वार्षिक उत्पन्न तीन हजार फ्रँक, आणि त्यांतले बाराशे एकट्या त्याच्याकडे येतात. मादाम व्होकेच्या खाणावळीत व्होत्रँ नावाचा फरारी कैदी त्याच्यापुढे गणित मांडतो: सरळ मार्गाने गेलास तर तिसाव्या वर्षी बाराशे फ्रँकांचा न्यायाधीश होशील, त्यापेक्षा याच खाणावळीतल्या एका मुलीशी लग्न कर, तिच्या भावाचा काटा द्वंद्वात निघेल, वारसा तिच्याकडे येईल, माझी दलाली शेकडा वीस. तरुण हादरतो, नकार देतो. वाचकांच्या स्मरणात हा सैतानी प्रस्तावच राहतो. माझ्या मते खरा प्रकार त्याआधीच घडून गेला आहे, आणि तोही टपालाने. उंची समाजात शोभतील असे कपडे शिवण्यासाठी मुलाने घरी आणखी बाराशे फ्रँक मागितलेले असतात. आई दागिने मोडते, आत्या जपून ठेवलेल्या वस्तू विकते, बहिणी शिलकीतले पैसे पाठवितात. पत्र वाचून तो रडतो. त्याच खाणावळीत राहणाऱ्या, मुलीसाठी चांदीची भांडी पिळून मोडणाऱ्या म्हाताऱ्या गोरिओला त्याने पाहिलेले असते, आणि त्या मुलीला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरला नाही हे त्याला स्वच्छ कळते. शिंप्याला मात्र तो त्याच पैशांतून बोलावतो.

शेवटी पेर-लाशेझच्या टेकडीवर गोरिओला पुरल्यावर तो पॅरिसला आव्हान देतो आणि गोरिओच्याच धाकट्या मुलीकडे, म्हणजे आपल्या प्रेयसीकडे, जेवायला जातो. पुढच्या कादंबऱ्यांत त्याला मंत्रिपद मिळते, आणि त्याच प्रेयसीच्या मुलीशी तो विवाह करतो.

पुढे वंश वाढला तो झपाट्याने. फ्लोबेरच्या १८६९ च्या कादंबरीत एक मित्र दुसऱ्याला रास्तिन्याकची आठवण ठेवण्यास बजावतो. विशेषनाम तोवर सामान्यनाम झाले होते. झोलाच्या ‘ला क्युरे’तील साकार नगरपालिकेच्या कचेरीत बसून कोणते रस्ते फुटणार हे आधी जाणतो, आणि मरणाला टेकलेली बायको ऐकत असताना तिच्याच खोलीत त्याच्या दुसऱ्या लग्नाचा सौदा होतो. १८८५ मधला मोपासाँचा द्युरुआ खिशात तीन फ्रँक चाळीस सांतीम घेऊन येतो, बायकोच्या हातून लेख लिहवून घेतो, सोडचिठ्ठीसाठी तिलाच पोलिसांकरवी पकडवतो आणि वर्तमानपत्राच्या मालकाच्या मुलीशी मादलेनच्या चर्चमध्ये लग्न लावून संसदेकडे नजर टाकतो. आईच्या पत्रावर रडणे त्याच्यापर्यंत पोहोचेतो वंशातून निघून गेलेले आहे. १९०२ मध्ये आल्बँ मिशेल या प्रकाशकाने फेलिसियाँ शांसोरची ‘लारिव्हिस्त’ काढली, तेव्हा शब्द पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आला. माणूस त्याच्या जवळजवळ सत्तर वर्षे आधीपासून चालत आलेला होता.

‘ल पेर गोरिओ’ हाती घेणाऱ्या वाचकाला माझी एवढीच विनंती आहे की, टेकडीवरच्या त्या आव्हानाकडे जाण्यापूर्वी आईचे आणि बहिणीचे पत्र त्याने सावकाश, दोनदा वाचावे.