तोतया, निशाणी आणि दस्त : मीरा-भाईंदरच्या निमित्ताने एक टिपण

जमीनविषयक फिर्यादींत 'तोतया मालक' हा शब्दप्रयोग अलीकडे वारंवार आढळतो. खऱ्या मालकाच्या नावाने भलताच इसम दुय्यम निबंधकापुढे उभा करून खरेदीखत नोंदविणे, हा त्याचा अर्थ. हा शब्द ऐकताच मराठी वाचकाला सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवल्यावाचून राहत नाही. भाऊसाहेब १७६१ साली पानिपतावर पडले. त्यांचे नाव धारण करणाऱ्या इसमाने १७७६ साली रत्नागिरीच्या कैदेतून सुटून कोकणात बंड माजविले, आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. त्याचा डोळा राज्यावर होता, आजच्या तोतयाचा सदनिकेवर असतो. परंतु दोघांचे बळ एकच. जेथे ओळखणारा माणूस समोर नसतो, तेथे नाव कोणालाही धारण करता येते.

लेख आणि माणूस यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न आपल्याकडे प्राचीन आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ऋणकोने आपली संमती स्वहस्ते, पित्याच्या नावासह लिहावी असे सांगितले आहे. मराठी अमदानीतील वतनांच्या महजरांवर गोतसभेतील मंडळी आपापल्या निशाण्या करीत. पाटलाची निशाणी नांगराची असे. नुसता नांगर कोणालाही काढता आला असता. त्या निशाणीला मोल होते, कारण ती करणाऱ्यास सारे गोत ओळखत असे.

साष्टी बेट १७३९ साली पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आणि १७७४ साली इंग्रजांकडे गेले. पुढे इंग्रजी अमलात गोताची जागा सरकारी कचेरीने घेतली. आजही लागू असलेला १९०८ चा नोंदणी कायदा निबंधकावर दस्त करून देणाऱ्याची ओळख पटवून घेण्याची जबाबदारी टाकतो. तोतयेगिरीस त्यात सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. अनोळखी माणसाची ओळख कशी पटवावी, ही अडचण मात्र राहिलीच. बंगालमध्ये हुगळी येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८७७ साली दस्तनोंदणीत बोटांचे ठसे घेण्यास आरंभ केला, तो याच अडचणीपोटी. दस्तावर छायाचित्र व ठसे लावण्याचे कलम केंद्रीय कायद्यात आले ते २००१ साली.

मीरा-भाईंदरमध्ये हे स्थित्यंतर एका पिढीच्या डोळ्यांदेखत घडले. मिठागरे, खाजणे आणि भातशेती यांच्या या गावांची १९८५ साली नगरपरिषद झाली व २००२ साली महानगरपालिका. पूर्वी शेताचा धनी कोण, हे बांधावरचा शेजारी सांगे. आता एकाच जिन्यावरील बिऱ्हाडे एकमेकांस नावानेही ओळखत नाहीत. अशा ठिकाणी 'ओळख देणारा' साक्षीदारही पुष्कळदा मध्यस्थानेच आणलेला असतो. कागदही निर्धोक नाही. येथील जमिनींबाबत कमाल धारणा कायद्याखालील बनावट प्रमाणपत्रे वापरल्याचा गुन्हा २०१६ साली ठाण्यात नोंदविण्यात आला.

येथे एक भेद ध्यानात ठेविला पाहिजे. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ साली आलेल्या टॉरेन्स पद्धतीत नोंदवही हीच मालकीची हमी असते. आपल्याकडे नोंदणी होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. बनावट खरेदीखत नोंदले म्हणून खरे ठरत नाही. पण ते रद्द करवून घेण्यासाठी खऱ्या मालकास न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. म्हणून परगावी राहणाऱ्या, वृद्ध किंवा नुकत्याच वारसा मिळालेल्या मालकांनी सातबारा उतारा अथवा मिळकत पत्रिका आणि नोंदणी कार्यालयातील सूची क्रमांक २ ठरावीक काळाने स्वतः पाहावी. फेरफाराची नोटीस आल्यास मुदतीत लेखी हरकत घ्यावी. वारसांची नोंद लांबणीवर टाकू नये, कारण मृताच्या नावावर राहिलेली जमीन तोतयाला सोयीची असते. कुलमुखत्यारपत्र जपून द्यावे. केवळ त्याच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निर्णय आहे.

निशाणी, सही, ठसा, छायाचित्र ही सर्व गोताच्या ओळखीला शोधलेली पर्यायी साधने होत. गोत पांगल्यावर त्याचे पहाऱ्याचे काम मालकाकडेच आले आहे.