जावळीच्या ताली आणि लोअर परळची खोली



मागं तालींच्या डागडुजीबद्दल लिहिलं होतं, त्याखाली एका कृषी सहायकानं विचारलं, "जावळीत फिरताना उतारावर दगडी ताली दिसतात, पाडलेली खाचरं दिसतात आणि आत नुसती घाणेरी नि रानमोडी. एवढं कष्टानं बांधलेलं लोकांनी सोडलं का?" उत्तर दोन ओळीत बसेना, म्हणून ही वेगळी पोस्ट. जरा लांब आहे, सवडीनं वाचा.

थोडक्यात सांगायचं तर या ताली नुसत्या शेतीच्या जिवावर कधीच उभ्या नव्हत्या. त्या लोअर परळच्या पगारावर उभ्या होत्या. आता सविस्तर.

आधी जमीन बघा. जुनं जावळी खोरं म्हणजे आजचा जावळी तालुका, महाबळेश्वर तालुका आणि पाटणचा काही भाग. वर सड्यावर जांभा, खाली काळा पाषाण, मध्ये वीतभर तांबडी माती. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पूर्वेला साताऱ्यापर्यंत उतरलं की तो हजाराच्या आसपास येतो. पन्नास किलोमीटरच्या आत एवढा फरक. ओढ्याकाठी भाताची खाचरं, त्याच्या वर उतारावर वरकस. वरकसात पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग कारळा, आणि पुढं काही वर्षं जमीन पडीक ठेवायची. म्हणजे दहा एकर नावावर असली तरी एका सालात पिकाखाली त्यातला थोडाच तुकडा. अशा जमिनीत घर चार-सहा महिने खातं, बाराही महिने नाही.

मग पूर्वी लोक कसे जगत? इथून कोकणात उतरणारे घाट होते. पार घाटानं बैलांचे तांडे महाडला जात. ते घाट आणि ते दाट जंगल हातात होतं म्हणून चंद्रराव मोऱ्यांची सत्ता टिकली, आणि त्याच कारणानं शिवाजी महाराजांनी १६५६ साली जावळी घेतली नि प्रतापगड बांधला. लोकांचं पोट मात्र शेती, जंगल आणि जनावर या तिन्हींवर होतं. कुणबी-मराठे खोऱ्यात भात करत, गवळी धनगर सड्यावर म्हशी राखून तूप विकत, महार समाज गावकीची कामं करी आणि पुढं पलटणीतही गेला. जंगल तोडून, जाळून नाचणी पेरायची कुमरी सगळीकडं चाले.

१८४८ साली साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८७८ चा जंगल कायदा आला, राखीव जंगलाच्या हद्दी पडल्या, कुमरीवर बंधनं आली, चराई अडली. तीन आधारांतला एक गेला. नेमक्या त्याच काळात मुंबईत गिरण्या वाढत होत्या. पहिली गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी हा सगळा पट्टा गिरणगाव झाला. आपली माणसं घाट उतरून गेली ती हौसेनं नाही. जंगल बंद झालं आणि भोंगा वाजला, म्हणून गेली.

गेली तीही एकटी नाही, गावानं मिळून गेली. गिरणीत भरती जॉबरच्या हातात. जॉबर आपल्या गावचा, भावकीतला माणूस लावायचा. राहायला गावकीची खोली. डिलाईल रोड, म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, तिथल्या चाळींत आणि १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत अशा खोल्या होत्या. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पाळीप्रमाणं झोपायची. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी, जेवण खानावळीत. ती खानावळ चालवणारी बाईही बऱ्याचदा आपल्याच भागातली. गावाकडच्या देवळाच्या पायरीवर "ग्रामस्थ मंडळ, मुंबई" असं कोरलेलं दिसतं ना, ते पैसे या खोल्यांतून आले.

सगळं गोडगोड होतं असं नाही. गावची जात गिरणीतही पोचली. विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथं धाग्याचं टोक तोंडानं ओढून धोट्यात घ्यावं लागे. त्या विटाळाच्या नावाखाली दलित कामगारांना विणाईत घेत नसत, कमी पगाराच्या रिंग खात्यात ठेवत. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं उघड मांडला. खोल्यासुद्धा गावाप्रमाणं आणि जातीप्रमाणं वेगळ्याच होत्या.

आता शेतीचा हिशेब बघा, मुद्दा इथंच आहे. मनीऑर्डर आली की त्यातून बैल, बी, घराची कौलं आणि तालीच्या कामाची मजुरी निघायची. माणूस रजा टाकून आषाढात चिखलणीला यायचा, नाहीतर बदली कामगार असेल तर पावसाळाभर गावी राहायचा. राब भाजणं, लावणी, भांगलण, कापणी बायकांच्या अंगावर, सावडीनं. पावसात दगड सुटला की फाल्गुन-चैत्रात ताल परत चढवायची. गडी यात्रेला आलेले असायचे, तेव्हाच हे काम उरकायचं. दरवर्षी दगड परत लावला तरच ताल टिकते, ही गोष्ट कागदावरच्या नकाशात दिसत नाही.

आणि उलटही होतं. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तेव्हा कामगार हजारोंनी गावाकडं पळाले. १९२८ चा संप सहा महिने चालला. अशा वेळी पोटाला आधार गावच्या नाचणीचा. गिरणीवाल्याला बाळंतपण, आजारपण, म्हातारपण यातलं काहीच सांभाळावं लागलं नाही, ते सगळं जावळीतल्या बाईनं आणि वरकसानं सांभाळलं. म्हणून मला वाटतं, मुंबईनं आपल्याला पोसलं हे अर्धं खरं आहे. आपणही मुंबईला पोसलं.

मग धरण आलं. कोयना महाबळेश्वरात उगम पावते. १९६० च्या दशकात हेळवाकजवळ पाणी अडलं आणि शिवसागर थेट तापोळा-बामणोलीपर्यंत पसरला. कोयना, सोळशी, कांदाटी या तिन्ही नद्यांच्या काठची भाताची खाचरं, म्हणजे खोऱ्यातली सगळ्यात चांगली जमीन, पाण्यात गेली. काठावर उरले त्यांच्याकडं राहिलं फक्त वरकस, आणि वाटेऐवजी लाँच. पुनर्वसनाचा कायदा राज्यात झाला १९७६ साली, म्हणजे माणसं उठल्यावर बरीच वर्षं उलटून. तयार झालेली वीज गेली मुंबई-पुण्याच्या कारखान्यांना. आधी माणसं गेली, मग पाणी आणि वीज. त्या वेळी उठलेल्यांपैकीही कितीतरी जणांनी डिलाईल रोडचीच वाट धरली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. माणसं नेहमीप्रमाणं गावी आली, सुगीपर्यंत मिटेल म्हणून. तो मिटलाच नाही. या खेपेला गाव पूर्वीसारखं पोसू शकलं नाही. खालची खाचरं धरणात, वरची भावाभावांत वाटलेली. काही जण माथाडीत गेले. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ ला माथाडी कायदा झाला होता, त्याचा आपल्या भागाला मोठा आधार झाला. बाकीचे जमेल त्या कामाला लागले. पोरं मुंबईत, नवी मुंबईत स्थिरावली, बायकाही गेल्या. आणि मग ताली ढासळल्या. त्यात रानडुक्कर आणि गवा. चार शेजारी कसत असले तर राखण होते, एकट्याची होत नाही.

लोअर परळात आज फिनिक्स मिलचा मॉल आहे, कमला मिलमध्ये ऑफिसं नि हॉटेलं, श्रीनिवास मिलच्या जागी उंच टॉवर. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाच्या वर अर्ज आले, आणि पुढं केली जातात शेलू-वांगणीची घरं. बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे, भाडेकरूला ५०० फुटाचं घर. आता गावकीच्या खोल्यांचं काय? खोलीवर नाव एकाचं, हक्क गावाचा. इकडं उलटं. सातबाऱ्यावर नावं चाळीस, कसणारा कोणी नाही.

शेवटचं वाक्य कृषी खात्यातल्या मंडळींनी ध्यानात घ्यावं. पडीक म्हणून नोंद होते त्यातली बरीच जमीन आळसानं पडलेली नाही, सामायिक खात्यात अडकलेली आहे. तालीच्या दुरुस्तीला सगळ्यांची संमती लागते, कर्जाला लागते, योजनेला लागते. आणि वारस भांडुपपासून पनवेलपर्यंत पसरलेले.

घाई एवढ्यासाठी, की नवीन महाबळेश्वर प्रकल्पात आपल्या भागातली शेकडो गावं धरली आहेत. जमिनीला गिऱ्हाईक दारात आहे. चाळीस जणांतले दोघं विकायला तयार झाले तरी बाकीच्यांचं कठीण होतं.

म्हणून माझं म्हणणं असं. यंदा यात्रेला मुंबईकर आले की एक दिवस देवळात बसा. आधी वारस नोंदी पूर्ण करा. मग कलम ८५ खाली वाटप करून घ्या. ज्याला कसायचं नाही त्यानं विकण्याआधी भावकीतल्या कसणाऱ्याला लेखी करारानं द्यावं. गावकीच्या खोलीचे जुने कागद, भाड्याच्या पावत्या, वर्गणीच्या वह्या कुणाच्या ट्रंकेत असतील त्या बाहेर काढा, त्यांचे फोटो काढून ठेवा. आणि कृषी खात्यानं ताल मोजताना ती दरवर्षी दुरुस्त करायला किती माणसं लागतात तेही मोजावं. तेवढी माणसं आज गावात नाहीत. भात सगळीकडं जमणार नाही. वरच्या ताली आंबा, फणस, काजू, हिरड्यासारख्या झाडांना द्याव्या, माती तरी धरून राहील.

तुमच्या गावची खोली मुंबईत कुठं होती, कुठल्या गिरणीत गावची माणसं जास्त होती, ते खाली लिहा. म्हाताऱ्यांना विचारून लिहा, ती आता थोडीच उरली आहेत.