भिंतीतल्या तारेला बोलते करण्याची शंभर वर्षे

१/
साल २००६च्या सुमाराचे. इंग्लंडमधील एक जुने, जाड विटांच्या भिंतींचे घर. राउटर तळमजल्यावर, गेम कन्सोल वरच्या खोलीत. वायफाय तिथवर धड पोहोचत नाही आणि भिंती फोडून केबल टाकायला घरमालक राजी नाही. अशा अनेक घरांत तेव्हा एक छोटी डबी आली : पॉवरलाइन अडॅप्टर.

२/
एक डबी राउटरजवळच्या सॉकेटमध्ये, दुसरी कन्सोलजवळच्या. दोहोंच्या मधली विजेची तार हीच इंटरनेटची केबल. खेळ रंगात येतो, खाली वॉशिंग मशीन सुरू होते आणि वरचा खेळाडू सामन्यातून बाहेर फेकला जातो. दोष कन्सोलचा, राउटरचा की तारेचा? उत्तरासाठी जवळपास शंभर वर्षे मागे जावे लागते. 🧵

३/
गोष्ट १९१०ची. अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरमधील अधिकारी जॉर्ज ओवेन स्क्वायर यांनी वॉशिंग्टनमध्ये एक प्रयोग केला. टेलिफोनच्या एकाच तारेवर नेहमीचे संभाषण चालू असताना, त्याहून कितीतरी उच्च वारंवारतेच्या लहरीवर त्यांनी दुसरे संभाषण पाठवले. पलीकडच्या टोकाला दोन्ही वेगवेगळी ऐकता आली.

४/
हेच तत्त्व विजेच्या तारेलाही लागू होते. भारतात आणि युरोपात घरातील प्रवाह सेकंदाला ५० वेळा आंदोलतो, अमेरिकेत ६० वेळा. संदेशाची लहर मात्र हजारो किंवा लाखो वेळा. संथ लाटेवर बारीक तरंग उमटावेत, तसे ते दोघे एकाच तारेतून जातात. योग्य गाळणी लावली की तरंग वेगळे काढता येतात.

५/
१९२२ साली नॉर्थ अमेरिकन कंपनी या वीजउद्योगाने स्क्वायर यांची कल्पना उचलली : विजेच्या तारांतून घरोघरी संगीत. पण तोवर रेडिओ फुकट आणि बिनतारी येऊ लागला होता. योजना मागे पडली. १९३४मध्ये स्क्वायर यांनी या सेवेला ‘म्युझॅक’ हे नाव दिले. पुढे ते नाव दुकाने आणि हॉटेलांतील पार्श्वसंगीताशी कायमचे जोडले गेले.

६/
खुद्द वीजकंपन्यांना मात्र या तत्त्वाचा मोठा उपयोग झाला. दूरच्या दोन केंद्रांना एकमेकांशी बोलायचे असे आणि वादळात टेलिफोनची बारीक तार आधी तुटे. सर्वांत भक्कम तार तर त्यांच्याच मनोऱ्यांवर होती. १९२०च्या दशकात उच्चदाब वाहिन्यांवरून संभाषणे सुरू झाली.

७/
या व्यवस्थेच्या खुणा महाराष्ट्रातील अति-उच्चदाब उपकेंद्रांतही दिसतात. वाहिनी आत शिरते तिथे पिंपासारखे एक मोठे वेटोळे असते. तो वेव्ह ट्रॅप. तो विजेला आत सोडतो, संदेशाची लहर मात्र अडवतो. शेजारचा कपलिंग कपॅसिटर नेमके उलटे करतो. आता हे काम हळूहळू प्रकाशतंतूंकडे चालले आहे.

८/
उच्चदाब वाहिनी म्हणजे सरळ राजमार्ग : लांब, पण फाटे थोडे. घरातील वायरिंग म्हणजे जुन्या पेठेतील बोळ. प्रत्येक सॉकेट हा एक फाटा. फाट्यावर लहर आपटून परत फिरते आणि स्वतःच्याच मागून येणाऱ्या लहरींत मिसळते. त्यात प्रत्येक मोटर, डिमर आणि चार्जर आपापली खरखर तारेत ओतत असतो.

९/
या बोळांत प्रथम यशस्वीपणे शिरली एक्स-१० ही पद्धत. स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथेस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्सने १९७५मध्ये ती तयार केली; हा त्यांचा दहावा प्रकल्प, म्हणून हे नाव. दिवा लावणे, मालवणे, मंद करणे एवढेच तिचे काम. लहर १२० किलोहर्ट्झची.

१०/
तिची युक्ती सुरेख होती. प्रत्यावर्ती प्रवाह प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यातून जातो. त्या क्षणी तार तुलनेने शांत असते. एक्स-१० नेमकी तेव्हाच बोले. गर्दीच्या बाजारात दोन आरोळ्यांमधली उसंत साधून निरोप द्यावा, तसे. पण वेग इतका कमी की एका आज्ञेला जवळपास सेकंद लागे.

११/
१९९७ साली मँचेस्टर भागातील नॉरवेब ही वीजकंपनी आणि कॅनडाची नॉर्टेल यांनी मोठी घोषणा केली : रस्त्यावरच्या वीजवाहिन्यांतून थेट इंटरनेट, सेकंदाला १ मेगाबिट. एका शाळेत चाचणीही झाली. पण विजेच्या तारेला संदेश आत कोंडून ठेवणारे कवच नसते. उच्च वारंवारतेची लहर तिच्यातून बाहेर झिरपते आणि रेडिओला त्रास देते. त्यात आर्थिक गणितही जुळेना. १९९९मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला.

१२/
वाट मोकळी केली एका जुन्या विचाराने. १९६६मध्ये बेल लॅब्जच्या रॉबर्ट चँग यांनी मांडले होते की, एकाच वेगवान लहरीऐवजी शेजारशेजारच्या अनेक संथ लहरींवर माहिती वाटून पाठवता येते. पुढे ही पद्धत ओएफडीएम या नावाने रूढ झाली. एखाद्या लहरीवर खरखर असेल तर तिच्यावर ओझे कमी, स्वच्छ लहरीवर जास्त.

१३/
मार्च २००० मध्ये ‘होमप्लग’ ही कंपन्यांची संघटना उभी राहिली. २००१मध्ये तिचे पहिले मानक आले : कागदावर सेकंदाला १४ मेगाबिट, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहूनही कमी. हौशी रेडिओचालकांच्या वारंवारता त्यात मुद्दाम मोकळ्या सोडल्या होत्या. नॉरवेबचा धडा वाया गेला नव्हता.

१४/
त्याच वर्षी, नोव्हेंबर २००१मध्ये, एक्सबॉक्स हा कन्सोल आला आणि त्याच्या पाठीवर इथरनेटचे छिद्र होते. वर्षभराने एक्सबॉक्स लाइव्ह सुरू झाले, तेही फक्त ब्रॉडबँडवर. २००५च्या एक्सबॉक्स ३६०मध्ये वायफाय अंगभूत नव्हते. ते वेगळे विकत घ्यावे लागे. त्याच वर्षी कागदावर २०० मेगाबिट सांगणारे ‘होमप्लग एव्ही’ जाहीर झाले. डबी आणि कन्सोल यांची गाठ अशी पडली.

१५/
पण खेळाला वेगापेक्षा वक्तशीरपणा हवा असतो. चित्रपट काही सेकंदांचा साठा आधीच करून ठेवतो, म्हणून मधली अडखळ लपते. खेळातील गोळीला साठा करता येत नाही. वॉशिंग मशीनची मोटर तारेत खरखर सोडते, अडॅप्टर हरवलेले तुकडे पुन्हा पाठवतो आणि तेवढ्या अवधीत सामना पुढे निघून गेलेला असतो.

१६/
म्हणून दोष शोधण्याची पहिली पायरी : कन्सोल उचलून राउटरशेजारी न्यावा आणि साध्या केबलने जोडावा. अडचण तिथेही राहिली तर तार निर्दोष. अडचण गेली तर संशय भिंतीतल्या तारेवर किंवा डब्यांवर. स्क्वायर यांच्या काळापासून तंत्रज्ञांची रीत हीच : वाटेचे भाग पाडायचे आणि एकेक भाग तपासायचा.

१७/
दुसरी पायरी : अडॅप्टर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्ड उच्च वारंवारता गिळतो. उपकेंद्रातील वेव्ह ट्रॅप जे काम मुद्दाम करतो, तेच हा बोर्ड नकळत करतो. तिसरी : मोबाइलचे चार्जर आणि मोटरची उपकरणे त्या सॉकेटपासून दूर ठेवावीत.

१८/
चौथी : दोन्ही सॉकेट एकाच सर्किटवर आहेत का? ब्रिटिश घरांत वरच्या व खालच्या मजल्याची सर्किटे बहुधा वेगळी असतात आणि मुख्य पेटीतच भेटतात. अमेरिकी घरात १२० व्होल्टच्या दोन स्वतंत्र बाजू असतात. तीन फेजचा पुरवठा असलेल्या भारतीय घरात दोन खोल्या दोन फेजवर असू शकतात. अशा वेळी संदेश पोहोचतो, पण क्षीण होऊन.

१९/
आणि एक सापळा. कन्सोल ‘नॅट स्ट्रिक्ट’ म्हणतो तेव्हा अनेक जण अडॅप्टर बदलतात. नॅट ही १९९४मध्ये मांडलेली, एकाच पत्त्यावर अनेक यंत्रे चालवण्याची तजवीज. ती राउटरमध्ये राहते. अडॅप्टर फक्त हमाल आहे, पत्ते तो बदलत नाही. तो दोष राउटरच्या सेटिंगमध्येच शोधावा लागतो.

२०/
शंभर वर्षांत तार फारशी बदलली नाही. ती दिव्यांसाठी टाकली होती आणि आजही तिचे पहिले इमान दिव्यांशीच आहे. बदलले ते तिचा वापर करणारे. एक्स-१०ने तिच्या शांततेचा क्षण हेरला, होमप्लगने तिचा गोंगाट अखंड मोजत राहून त्यातूनच वाट काढली.

२१/
त्यामुळे वरच्या खोलीतला मुलगा चार्जर काढून पाहतो, सॉकेट बदलून पाहतो, खाली वॉशिंग मशीन सुरू आहे का म्हणून विचारतो, तेव्हा तो शंभर वर्षांतील अभियंत्यांचेच काम पुढे नेत असतो. सॉकेट बदलल्यावर डबीवरचा लाल दिवा हिरवा होतो आणि सामना पुन्हा सुरू होतो.