अपरान्तातील पर्जन्यमापन : कौटिल्याच्या कुंडापासून डोंबिवलीच्या गच्चीपर्यंत

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सीताध्यक्षाची, म्हणजे राजाच्या शेतीवरील मुख्य अधिकाऱ्याची, कर्तव्ये सांगताना निरनिराळ्या प्रदेशांतील पर्जन्याची प्रमाणे दिली आहेत. जांगल प्रदेशात १६ द्रोण, पाणथळ प्रदेशात त्याच्या दीडपट, अवंतीत २३ द्रोण, गोदावरीकाठच्या अश्मकात तेराच्या आसपास. अपरान्ताची पाळी आली की मात्र आकडा थांबतो आणि त्याच्या जागी ‘अमित’ हे एकच विशेषण येते. अपरान्त म्हणजे उत्तर कोकण. त्याचे प्राचीन नगर शूर्पारक, आजचे सोपारा, २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. आणि ज्या कल्याणचा उल्लेख कान्हेरीच्या शिलालेखांत आहे ते याच मुलखातील बंदर. ठाणे-कल्याण परिसराच्या पावसाविषयीचे इतके जुने विधान म्हणजे अशा रीतीने आकडा देण्यास दिलेला नकारच होय.

हा नकार अज्ञानमूलक नव्हता. त्याच अधिकरणात अन्यत्र कोष्ठागारात एक अरत्नी रुंद तोंडाचे कुंड पर्जन्यमापनासाठी ठेवावे, अशी आज्ञा आहे. ग्रंथाच्या रचनाकालाविषयी विद्वानांत मतैक्य नाही. तथापि ग्रंथकाराला मापनाची रीत ठाऊक होती, एवढे निर्विवाद. पुढे वराहमिहिराने बृहत्संहितेत एक हात रुंद कुंड घ्यावे, त्यात ५० पले पाणी साठल्यास तो एक आढक आणि चार आढकांचा एक द्रोण समजावा, असा हिशेबही सांगितला. ही मापे आजच्या मिलिमीटरांत उतरविण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. परंतु पल आणि द्रोण ही मापे सर्वत्र सारखी नसल्याने त्या खटाटोपातून फारसे हाती लागत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. हे कुंड वेधशाळेत नव्हते, धान्याच्या कोठारात होते. पीक येण्यापुरता पाऊस झाला की नाही, एवढेच त्याला विचारावयाचे होते. अपरान्तात हा प्रश्न सहसा उद्भवतच नसे, म्हणून मोजण्याचे कारणही नव्हते. ‘अमित’ या शब्दाचा हाच अर्थ अधिक संभवनीय वाटतो.

एकोणिसाव्या शतकात साधन बदलले, प्रश्न मात्र बराचसा तोच राहिला. मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये उभी राहिली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी तेथेच काम केले. म्हणजे मराठी माणसाचा आधुनिक वेधशास्त्राशी संबंध अगदी आरंभीचा आहे. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात तालुकावार पावसाच्या सरासऱ्या आढळतात. तालुक्याच्या कचेरीच्या आवारातील पर्जन्यमापक महसूल खात्याच्या ताब्यात असे. कुंड कोष्ठागारातून कचेरीत आले, इतकाच काय तो फरक!

हा पर्जन्यमापक इंग्लंडातील जॉर्ज जेम्स सायमन्स यांच्या नावाने ओळखला जाई. त्याचे तोंड पाच इंच व्यासाचे, त्याची कड जमिनीपासून एक फूट उंच, आत नरसाळे व त्याखाली बाटली. बाटलीत ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस मावे. देशावरील तालुक्यात ती कित्येक वर्षांत एकदाही भरत नसेल; ठाणे जिल्ह्यात आषाढातील एखादी रात्रही तिला पुरे. म्हणूनच मुसळधार पावसात दिवसातून तीन-चार वेळा बाटली रिकामी करून प्रत्येक वेळचे माप टिपावे, असा दंडक होता. कचेरीतील शिपाई मध्यरात्री कंदील घेऊन तसे करी किंवा नाही, हे नोंदवहीवरून कळत नाही. चूक झालीच तर ती प्रायः उणेपणाच्या बाजूला, आणि नेमकी सर्वाधिक पावसाच्या दिवशी होणार, हे उघड आहे.

दुसरी अडचण जागेची. लंडनमध्ये विल्यम हेबर्डन याने १७६६-६७ मध्ये एक वर्षभर तीन पर्जन्यमापक निरनिराळ्या उंचीवर ठेवले. घराच्या माथ्याखालील पात्रात सुमारे २२.६ इंच, माथ्यावरील पात्रात १८.१ आणि वेस्टमिन्स्टर ॲबीच्या शिखरावर अवघे १२.१ इंच पाणी जमले. पाऊस तोच, आकडे तीन. याचे कारण वारा, हे १८६१ मध्ये जेव्हन्सने स्पष्ट केले. उंचावरील पात्राच्या कडेवरून वारा वेगाने उसळतो व थेंब तोंडापलीकडे वाहून नेतो.

अलीकडे डोंबिवली, कल्याण, बदलापूर या गावांत काही हौशी निरीक्षकांनी घरगुती हवामान केंद्रे उभारली असून त्यांचे आकडे वृत्तपत्रांतही छापून येतात. हेबर्डनचा प्रयोग त्यांच्या दृष्टीने जुना झालेला नाही. पर्जन्यमापकाभोवतीचा अडथळा त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावा, असा नियम आहे. चार मजली, सुमारे १२ मीटर उंचीच्या इमारतीजवळ म्हणजे २४ मीटर मोकळी जमीन हवी. डोंबिवलीत ती कोठून आणावी? साहजिकच यंत्र गच्चीवर जाते, आणि तेथे वारा आपला वाटा घेतो.

यंत्राची रचनाही निराळी आहे. त्यात तराजूप्रमाणे आळीपाळीने कलणारी दोन इवली पात्रे असतात, सामान्यतः ०.२ मिलिमीटर पाऊस साठला की भरलेले पात्र कलते आणि एक नोंद होते. ताशी १२० मिलिमीटर वेगाच्या सरीत दर सहा सेकंदांनी कलणे आले. कलताना जो क्षण जातो त्या क्षणी पडणारे काही पाणी हिशेबाबाहेर राहते. भुरभुर पावसात हे यंत्र साध्या पात्राशी उत्तम जुळते, कोसळत्या पावसात मागे पडते. म्हणून जाणते निरीक्षक त्याच्या शेजारी साधे नरसाळ्याचे पात्र ठेवतात व दोहोंची तुलना करतात. त्यातही मोजपेला त्याच तोंडाच्या मापाचा हवा. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या पात्रात २०० घनसेंटिमीटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. तेच पाणी १०० चौरस सेंटिमीटरच्या पेल्याने मोजले तर पाऊस दुप्पट होतो!

हा खटाटोप केवळ छंद म्हणून सोडून देण्यासारखा नाही. २६ जुलै २००५ च्या पर्जन्यात सांताक्रूझला २४ तासांत ९४४.२ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यास केवळ ७३.४. कुलाब्याच्या आकड्यावरून त्या दिवशी उल्हास नदीचा अंदाज कोणी बांधला असता, तर पाण्याखाली गेलेल्या बदलापूर-कल्याणचे काय झाले हे त्याला कळलेच नसते. २७ जुलै २०१९ रोजी त्याच नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. कोष्ठागारातील कुंडाला आणि कचेरीतील बाटलीला विचारलेला प्रश्न ‘पुरेसा झाला का?’ हा होता. आज खाडीकाठच्या वस्तीला ‘किती अधिक झाला, आणि कोठे?’ हे विचारावयाचे आहे. राज्यात आता महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे आहेत. तरी घाटाखालच्या एकेका खोऱ्यात सरीसरींतील अंतर पाहता गच्चीवरील आकडाही टाकाऊ नाही. त्याच्या उणिवा ठाऊक असल्या म्हणजे झाले.

तुलना करताना आणखी एका गोष्टीचा घोळ होतो. हवामान खात्याचा पर्जन्यदिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा असून पाऊस मोजणीच्या तारखेस नोंदला जातो. पुष्कळशी घरगुती यंत्रे मध्यरात्री शून्यावर येतात. सांताक्रूझचा तो ९४४.२ चा आकडाही, लोकांच्या तोंडी २६ जुलैचा असला तरी, २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा आहे.