पोळ्याचा मान आणि वतनाचे कागद

जुन्या पाटील घराण्यांच्या दप्तरांतून वतनासंबंधीं महजर व करीने हातीं येतात, तेव्हां संशोधकाची नजर प्रथम शकाकडे, शिक्क्याकडे व निवाड्याकडे जाते. मानपानाची याद मात्र ठराविक समजून पुष्कळदां उतरून घेतली जात नाहीं. टिळाविडा, होळीची पोळी, पोळ्याचे बैल हीं कलमें जेथें तेथें आढळतात. त्यांत नवें तें काय, असें वाटणें साहजिक आहे. ही समजूत बरोबर नाहीं, असें आमचें मत आहे.

पोळा हा श्रावण अमावास्येचा सण. आदल्या सायंकाळीं बैलांचे खांदे हळद व तूप लावून मळावयाचे. सणाच्या दिवशीं औतास सुटी, बैलांस न्हाणें, शिंगांस रंग व बेगड, पाठीवर झूल आणि पुरणपोळीचा घांस. दिवस कलतां सर्व बैल वेशीशीं जमत, व तोरणाखालून प्रथम जाण्याचा मान पाटलाच्या बैलांचा असे. दक्षिण महाराष्ट्रांत असाच सण बेंदूर या नांवानें पोळ्यापूर्वींच होतो.

पाटिलकी भावांत वांटली गेली किंवा निमे विकली गेली, म्हणजे पुढें बैल कोणाचे, हा प्रश्न उभा राही. वरवर पाहतां हा पोरकट हट्ट दिसतो. परंतु वतनाच्या तंट्यांत कागदाप्रमाणेंच भोगवट्यासही वजन असे. आणि साऱ्या पांढरीच्या देखत भोगवटा सिद्ध होण्याचे जे थोडे प्रसंग वर्षांत येत, त्यांपैकीं पोळा हा एक. बैल मागें राहिले, तर तीच गोष्ट पुढें गोतसभेंत धन्याविरुद्ध पुरावा होई. म्हणून जमीन व हक्क यांच्या जोडीस बैलांचा क्रमही लिहून ठेवीत. महजराखालीं साक्षीदार कुणबी नांगराची, न्हावी आरशाची निशाणी करी. पोळ्यास वेशींत उभा असणारा गांव तोच येथें साक्षीस उभा आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं ‘गांवगाडा’ प्रसिद्ध करून खेड्याची घडण सांगितली. ती घडण एकेका गांवीं कशी चाले व कोठें अडे, हें दाखविणारीं साधनें म्हणजे हींच कलमें होत.

१९६२ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत मुलकी पाटिलकीचें वंशपरंपरागत पद रद्द झालें. तेव्हांपासून या मोडी रुमालांचें कज्जांतील काम सरलें आणि घरांतील जपणूकही सुटली. संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, अशा कागदाची नक्कल घेतांना मानपानाचें एकही कलम ‘वगैरे’ म्हणून गाळूं नये.