वाड्यातली जुनी फियाट-पद्मिनी पुन्हा सुरू करायची आहे? किल्ली फिरवण्याआधी एवढं बघा

आपल्या तालुक्यांत फिरताना या गाड्या अजून दिसतात. कुणाच्या शेडमध्ये कडब्याच्या आड, कुणाच्या वाड्यात जिन्याखाली. बॉनेटवर बोटभर धूळ, चारही टायर बसलेले. वडिलांनी नाहीतर आजोबांनी हौसेने घेतलेली फियाट किंवा पद्मिनी. भंगारात घालायला जीव होत नाही आणि रस्त्यावर आणायची तर सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. मग दिवाळीला पुण्या-मुंबईची मंडळी गावी येतात, नवी बॅटरी आणतात, जोडतात आणि किल्ली मारतात. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या इंजिनाचं खरं नुकसान पुष्कळदा या पहिल्या किल्लीलाच होतं.

खाली जे सांगितलंय ते मुख्यतः फियाट 1100 आणि तिचंच पुढचं रूप असलेल्या प्रीमियर पद्मिनीबद्दल आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर ही गाडी बनायची. 1974 पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं, कार्बोरेटरवालं. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. अँबेसेडर किंवा जुनी जीप असेल तर भाग वेगळे, पण बहुतेक गोष्टी तशाच लागू होतात.

आधी इंजिन हाताने फिरलं पाहिजे

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल आत सोडा आणि एक-दोन दिवस तसंच राहू द्या. सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात, रिंगा चिकटलेल्या असतात, त्यांना ओलावा मिळतो. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून दोघा-तिघांनी हळू मागे-पुढे ढकलायची. प्लग काढलेले असल्यामुळे इंजिन सहज फिरायला पाहिजे. नाही फिरलं तर परत ऑइल, परत दोन दिवस. पण ट्रॅक्टरला दोर बांधून ओढायचा मोह आवरा. अडकलेलं इंजिन ट्रॅक्टरच्या जोरावर फिरेल, पण रिंग तुटेल नाहीतर सिलिंडरला ओरखडे पडतील. मग बोअरिंगचा खर्च ठरलेलाच.

गाडीच हलत नसेल तर दोष इंजिनाचा असेलच असं नाही. हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीचे ब्रेक-शू ड्रमला चिकटतात. चाक काढून ड्रमला कडेकडेने लाकडी ठोकळा ठेवून ठोके दिले की सुटतात. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असतो, म्हणून ड्रम उघडल्यावर ती कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या.

जुनं ऑइल गरम न करता तसंच काढा, फिल्टर बदला. ऑइल साधं मिनरल, 20डब्ल्यू-40 किंवा 20डब्ल्यू-50. महागडं पातळ सिंथेटिक घालायची गरज नाही, जुन्या सीलमधून ते गळतं. काढलेलं ऑइल ताकासारखं पांढरट निघालं तर त्यात पाणी मिसळलंय. हेड गॅस्केट बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टाकी आणि इथेनॉल

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायचं. दहा वर्षांपूर्वीचा मिस्त्री जे सांगायचा ते आता पुरत नाही, कारण पेट्रोलच बदललंय. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. कारखान्याच्या धुराड्याखाली राहणाऱ्या आपल्यासारख्यांची त्याबद्दल तक्रार नाही. मळीचं, उसाच्या रसाचं इथेनॉल झालं तर उसाच्या बिलाला आधारच आहे. पण ही गाडी जेव्हा बनली तेव्हा हे इंधन कुणाच्या डोक्यातही नव्हतं, हे ध्यानात ठेवायला लागतं.

इथेनॉल तीन गोष्टी करतं. जुन्या रबराला फुगवतं आणि मऊ करतं: पेट्रोलचे पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरच्या आतली सीलं. दुसरं, टाकीत जमलेला जुना गाळ आणि गंज सोडवून पुढे ढकलतं, तो येऊन जेटमध्ये बसतो. तिसरं, हवेतली ओल ओढून घेतं. ओल एका मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. पाइप नेमका तळातूनच ओढतो. मग गाडी धक्के मारत चालते आणि मिस्त्री प्लग बदलत बसतो.

ओळखायची रीत सोपी आहे. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढा आणि सावलीत अर्धा तास ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करा. उभ्या गाडीतलं जुनं पेट्रोल तर बघायचंच नाही, सरळ काढून टाकायचं. व्हार्निशसारखा वास येत असेल तर टाकी खाली उतरवून धुऊनच घ्या.

टाकीला भोक असेल तर ती रेडिएटरवाल्याकडे न्या, ज्याला टाकीचं काम माहीत आहे अशाकडे. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते. गावच्या वेल्डिंगच्या दुकानात "लाव रे एक टाका" म्हणून ती देऊ नका. आजवर असे स्फोट झालेत आणि माणसं गेलीत.

टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप काढून इथेनॉल चालणारे नवे टाका. दुकानदाराला तसं स्पष्ट सांगा, नाहीतर तो पाण्याचा पाइप कापून देईल. पंपाचं आणि कार्बोरेटरचं किट घेतानाही हाच प्रश्न विचारा. मध्ये पारदर्शक फिल्टर बसवा, आत काय येतंय ते दिसतं. पहिले दोन-तीन महिने तो दोनदा-तीनदा बदलायला लागेल, कारण गंज सुटत राहतो. क्लिप चांगल्या घ्या. तारेने आवळलेला पाइप आणि गरम सायलेन्सर एवढ्यावर गाड्या पेटल्या आहेत. ड्रायव्हरच्या सीटखाली आग विझवायचा छोटा सिलिंडर ठेवाच.

इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी. त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं पडणार, ते इंजिनाचं दुखणं समजू नका. गाडी चढाला दम खात असेल आणि प्लगचं टोक पांढरट पडत असेल तर मिश्रण हलकं होतंय. कार्बोरेटरचा जाणता माणूस स्क्रूने नाहीतर जेट बदलून ते बसवून देतो. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत जेमतेम पेट्रोल ठेवू नका. एकतर पूर्ण भरलेली ठेवा म्हणजे आत ओली हवा राहत नाही, नाहीतर पूर्ण रिकामी.

उन्हाळ्यात पद्मिनी घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये बंद पडते, तिथे पंपात पेट्रोलची वाफ होते. पंपावर ओला फडका टाकून दहा मिनिटं थांबायचं, हा टॅक्सीवाल्यांचा जुना उपाय आजही चालतो.

बोअरचं पाणी नको

रेडिएटरमध्ये आपल्याकडे सर्रास बोअरचं पाणी ओततात. ड्रिपच्या नळ्या ज्या क्षाराने बंद पडतात तोच क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. त्यात या इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. खारट पाण्याने ते आतून खातं आणि एकदा इंजिन उकळलं की वाकतं. डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी आणि कूलंट अर्धं-अर्धं घाला. तेही नसेल तर स्वच्छ पावसाचं पाणी बरं. होज दाबून बघा, भेगा दिसल्या तर बदला. काटा वर गेला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. हेड काढायची वेळ आलीच तर मशीनवर सपाटी तपासून घेतल्याशिवाय परत बसवू नका. आपल्या भागातली मंडळी त्यासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात जातात, तिथे हे काम रोजचं आहे.

ब्रेक आधी, इंजिन नंतर

पोरांना इंजिन सुरू झाल्याचा आनंद असतो, पण थांबायचं काय? जुन्या गाड्यांत ब्रेकची लाइन एकच असते. एका चाकाचा पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. म्हणून रबरी पाइप, मास्टर सिलिंडरचं आणि चाकांच्या सिलिंडरचं किट बदलल्याशिवाय फाट्यापर्यंतसुद्धा जाऊ नका. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचं, कारण तेही ओल धरतं. त्यात इंजिन ऑइलचा थेंबही पडता कामा नये, रबर फुगून ब्रेक जाम होतात.

टायरची नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला, असं नाही. बाजूला चार आकडे कोरलेले असतात. 2214 म्हणजे 2014 सालचा 22 वा आठवडा. असा टायर उन्हात 60 च्या वेगाला कधीही फुटेल.

डेल्कोचं काम त्यामानाने सोपं. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून फट साधारण 0.4 मिलिमीटर ठेवा. कंडेन्सर नवा टाका आणि जुना चालत असेल तर डिकीत ठेवा, रस्त्यात कामाला येतो. प्लगच्या वायरी काढण्याआधी त्यांना नंबर द्या. क्रम 1-3-4-2 आहे. पहिला आणि रिव्हर्स यांच्यामध्ये गिअर अडकला तर जोर लावू नका. बॉनेट उघडून दांड्या हाताने न्यूट्रलला आणा आणि घरी आल्यावर त्यांचे बुश बदला. पुढच्या चाकांच्या निपलना ग्रीस वेळच्या वेळी द्या, दीड-दोन हजार किलोमीटरला एकदा.

गोठ्यात आणि खताजवळ ठेवू नका

या गाडीला वेगळी चॅसी नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते. त्यामुळे दाराखालचा पत्रा कुजला म्हणजे नुसता रंग गेला असं नसतं, गाडीची ताकद जाते. पायाखालचं मॅट उचला आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मागच्या बाजूने ठोकून बघा. भुसभुशीत लागलं तर पुट्टी भरून झाकणारा पेंटर नको, कुजका पत्रा कापून नवा जोडणारा डेंटर बघा.

पत्रा कुजतो तो बहुतेक जागेमुळे. गोठ्यातल्या मुताची वाफ क्रोम आणि पितळ खाते. युरिया, पोटॅश, सुपर फॉस्फेटची पोती शेजारी रचली तर त्यांचा ओलसर खार लोखंडाला लागतो. वरून प्लॅस्टिकचा कागद टाकला तर आत घाम धरतो, त्यापेक्षा जुनी सुती चादर बरी. जमीन मातीची असेल तर चाकांखाली फळ्या घाला. आणि ऊसपट्ट्यातले उंदीर विसरू नका. त्यांना सीटचा काथ्या आणि वायरीचं आवरण दोन्ही आवडतं. इंजिन सुरू करण्याआधी एअर फिल्टर उघडून आणि सायलेन्सरच्या तोंडात बघून घ्या, घरटं हमखास सापडतं.

कागद

गाडी अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावाने हस्तांतर करायला आरटीओत फॉर्म 31 लागतो. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. त्याशिवाय पर्यावरण कर आहे. शुल्क अलीकडे वाढलंय, म्हणून जाण्याआधी चालू दर विचारून घ्या.

पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या गाडीसाठी 2021 पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते. नवीन नोंदणीला 20,000 रुपये, नंतरच्या नोंदणीला 5,000, मुदत 10 वर्षं. नंबरमध्ये राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यालाच रस्त्यावर आणता येते. बाजारहाटाला नेणार असाल तर हा मार्ग तुमचा नाही.

एक अडचण आपल्याकडे खास आहे. पेट्रोल परवडेना म्हणून त्या काळात कितीतरी गाड्यांत डिझेल इंजिन बसवली गेली आणि आरसीवर नोंद झाली नाही. इंजिनावरचा आणि चॅसीचा नंबर आरसीशी जुळतो का ते पैसे घालण्याआधीच बघा. जुळत नसेल तर आधी आरटीओ, मग मिस्त्री. व्हिंटेज नोंदणीला तर गाडी मूळ रूपात लागते.

सुटे भाग अजून मिळतात, पण सोर्स आटत चाललाय. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली आणि तिच्या जिवावर चालणारी दुकानं हळूहळू दुसऱ्या मालाकडे वळली. ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याच्या बाजारात गेलात तर जुना भाग बरोबर न्या, नुसतं नाव सांगून आणलेला भाग बसेलच असं नाही. पाण्याचा पंप, ब्रेकची किटं, क्लच प्लेट, पुढची काच आणि दाराची रबरं जिथे दिसतील तिथे एकेक जादा घेऊन ठेवा. गावात कुणी गाडी भंगारात काढत असेल तर कापायच्या आधी दारं, हेडलाइटच्या रिंगा आणि डेल्को उतरवून घ्यायला सांगा. भंगारवाला ते किलोवर देतो.