युद्धातून निसटलेली मुले कशी सावरतात?

युद्धातून जीव वाचवून आलेल्या मुलाचे मन कायमचे मोडते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात यातली कितीतरी मुले काही काळ त्रास सोसून हळूहळू सावरतात. मुलाने काय पाहिले याला महत्त्व आहेच, पण त्यानंतर त्याच्याजवळ कोण होते, यालाही तितकेच महत्त्व आहे.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी घर विस्कटलेल्या मुलांसाठी पाळणाघरे चालवली. आईजवळ राहून बॉम्बहल्ले अनुभवलेल्या लहान मुलांपेक्षा आईपासून तुटलेली मुले जास्त बिथरतात, असे त्यांना दिसले. लहान मूल धोका किती मोठा आहे हे आईच्या चेहऱ्यावरून ओळखते. म्हणून अशा कुटुंबात आधी आईवडिलांची झोप, जेवण आणि मनःस्थिती विचारावी लागते.

आपल्याकडचे उदाहरण कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावाचे आहे. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत संघाने पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सायबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केले. उपासमार आणि साथीच्या रोगांत अनेक मुलांचे आईवडील गेले. सुटका झालेल्यांपैकी काही जण इराणमार्गे भारतात आले. जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये मुलांना आसरा दिला. वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यात स्त्रिया आणि मुलेच जास्त. तिथे पोलिश भाषेतल्या शाळा होत्या, दवाखाना, चर्च, स्काउट पथके आणि नाटकेही होती. अन्न आणि औषध तर हवेच. पण ठरलेल्या वेळी भरणारी, स्वतःच्या भाषेतली शाळा हा मला यातला सर्वांत मोठा उपचार वाटतो. उद्या काय होणार हे माहीत असले की घाबरलेले शरीर सैलावते. शिवाय स्काउटसारख्या पथकात मुलावर काम सोपवले जाते; आपला कुणाला तरी उपयोग आहे, हे त्याला कळते.

परदेशात राहणाऱ्या मराठी मुलांच्या वर्गात आज युक्रेन किंवा सीरियातून आलेले मूल असू शकते. अशा मुलाशी वागताना एक गोष्ट टाळा: ‘तिथे काय झालं ते सांग’ असा आग्रह. मन मोकळे केले की बरे वाटते हे खरे, पण बोलायचे कधी आणि कुणाशी हे मुलाला ठरवू द्या. सुरुवातीच्या काळात खोदून बोलते करण्याने फायदा होत नाही, उलट त्रास वाढू शकतो. त्यापेक्षा खेळायला बोलवा, डबा वाटून खा. आणि ‘बिचारा’ म्हणू नका.

लहान मुलांत अंथरूण ओले होणे, आईला चिकटून राहणे, पुन्हा पुन्हा युद्धाचाच खेळ खेळणे दिसते. मोठ्यांत चिडचिड, एकलकोंडेपणा, अभ्यासात लक्ष न लागणे, तपासणीत काहीच न सापडणारी पोटदुखी. पहिल्या काही आठवड्यांत हे स्वाभाविक आहे, त्यावर मुलाला रागावू नका.

दुःस्वप्ने, दचकणे आणि आठवणी टाळणे महिन्याहून जास्त टिकले आणि शाळा, झोप किंवा जेवण बिघडले, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आघातोत्तर तणाव विकारावर मुलांसाठी खास समुपदेशन पद्धती आहेत, त्यात पालकांनाही सामील करून घेतात. झोप यावी म्हणून घरातल्या मोठ्यांच्या गोळ्या मुलाला कधीही देऊ नका. मरणाची भाषा, स्वतःला इजा करणे किंवा खाणेपिणे बंद होणे दिसले, तर महिनाभर वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि तोवर मुलाला एकटे सोडू नका. भारतात असाल तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते.